गरोदर सुनेची ताडी आणि झोपेच्या गोळ्या एकदम बंद कराव्यात का? (सोलापूर)

प्रश्न: पूर्वभाग सेविका

नमस्कार. मी सोलापूरच्या पूर्व भागात, विडी कामगारांच्या वस्तीत अंगणवाडी सेविका आहे. ज्या कुटुंबाविषयी विचारते आहे त्याची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मूळ अडचण मात्र आहे तशीच मांडते.

माझ्या नोंदवहीत एक गरोदर बाई आहे. सहावा महिना सरत आला आहे आणि पदरात अडीच वर्षांची मुलगी आहे. घरी बसून ती विड्या वळते. नवरा यंत्रमागावर रात्रपाळीला जातो. माता-बाल संरक्षण कार्डावर तपासणीची एकच नोंद आहे. तिची आणि मुलीची टीएचआरची (घरी नेण्याच्या पोषण आहाराची) पाकिटे सासूच येऊन घेऊन जाते, त्यामुळे तिची माझी गाठ क्वचितच पडते. गेल्या आठवड्यात मुलीचे वजन घेण्याच्या निमित्ताने सकाळी अकराच्या सुमारास घरी गेले, तर ती भिंतीला डोके टेकून झोपली होती. मांडीवर सूप तसेच होते, ओल्या फडक्यात गुंडाळलेली पाने कातरायची राहिली होती आणि मुलगी सुपातल्या तंबाखूत हात घालून खेळत होती. हाका मारूनही तिला नीट जाग आली नाही.

सासूबाईंनी नंतर मला बाजूला घेऊन सांगितले की, सून रोज ताडी घेते आणि शिवाय झोपेच्या गोळ्याही घेते. पहिल्या बाळंतपणानंतर झोप लागत नाही म्हणून कोणीतरी गोळ्या दिल्या होत्या, त्या पुढे सुटल्याच नाहीत. आता सासूबाईंनी असे ठरवले आहे की, येत्या सोमवारपासून तिला आतल्या खोलीत ठेवायचे, बाहेरून कडी लावायची आणि सगळे एकदम बंद करायचे. मुलीला तोवर नणंदेकडे अक्कलकोटला पाठवायचे. दवाखान्यात न्यायला घरातले कोणीच तयार नाही, कारण तिथे गेल्यावर पोलिसांना कळवतील आणि मूल काढून घेतील, अशी त्यांची खात्री झाली आहे.

असे कोंडून व्यसन सोडवणे गरोदरपणात चालते का? तिला कोठे न्यावे? मूल काढून घेण्याच्या भीतीत कितपत तथ्य आहे? आणि मुळात हा विषय तिच्यापाशी कसा काढावा? आमच्या प्रशिक्षणात लोहाच्या गोळ्या, लसीकरण, वजन हे सगळे शिकवले जाते. ह्या प्रसंगी काय करावे, ते कोणी शिकवलेले नाही.

उत्तर: निवृत्त प्रसूतितज्ज्ञ

सेविकाताई, सर्वांत आधी सोमवारचा बेत थांबवा. बाकीचे सगळे नंतर.

झोपेच्या गोळ्या, विशेषतः अल्प्राझोलमच्या गटातल्या, दीर्घकाळ घेणाऱ्या व्यक्तीने त्या एकाएकी सोडल्या, तर एक-दोन दिवसांपासून पुढे थरथर, घाम, भास आणि झटके येऊ शकतात. गरोदरपणात झटका आला तर आईचा आणि गर्भाचा, दोघांचाही प्राणवायू कमी पडतो. वार सुटण्याचा आणि अवेळी कळा सुरू होण्याचा धोका असतो. बंद खोलीत हे घडले आणि बाहेरून कडी असली, तर काय होईल हे सासूबाईंना स्पष्ट शब्दांत सांगा. त्यांचा हेतू चांगला आहे, उपाय मात्र जिवावर बेतणारा आहे.

ताडीविषयीही थोडे सांगायला हवे. झाडावरून उतरवलेल्या ताज्या ताडीत मद्यार्क बेताचाच असतो. आपल्याकडे आणि शेजारच्या तेलंगणात अनेक ठिकाणी विकली जाते ती मात्र नुसती ताडी नसते; नशा वाढावी म्हणून तीत क्लोरल हायड्रेट किंवा अल्प्राझोलमची भुकटी मिसळलेली आढळते. तेलंगणात २०१५ साली अशा भेसळीवर एकाएकी कारवाई झाली, तेव्हा पिण्याची सवय लागलेली माणसे भास आणि झटके घेऊन रुग्णालयांत भरती झाली होती. म्हणजे ही बाई गोळ्यांतून आणि ताडीतून बहुधा एकाच प्रकारचे औषध दोन वाटांनी घेत असावी, आणि एकूण किती घेते ते तिलाही सांगता येणार नाही. घरच्या घरी हिशेब करून कमी करण्याजोगे हे प्रकरण नाही.

योग्य पद्धत अशी असते की, रुग्णालयात दाखल करून तिला एकाच ठरावीक औषधावर स्थिर केले जाते आणि मग मात्रा टप्प्याटप्प्याने, काही आठवड्यांत उतरवली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने गरोदरपणातील व्यसनांविषयी २०१४ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांतही ह्या गोळ्या हळूहळूच कमी करण्याचा सल्ला आहे. अंगदुखीसाठी ती आणखी काही गोळ्या घेते का, हेही आवर्जून पाहा. त्यांत ट्रॅमॅडॉलसारखे अफूवर्गीय औषध निघाले, तर उपचाराची दिशा वेगळी असते. त्या वर्गाच्या व्यसनात गरोदर स्त्रीला पूर्ण बंदीच्या मागे न लावता ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन ह्यांपैकी एक औषध नियमित देऊन स्थिर ठेवणे अधिक सुरक्षित मानले जाते. औषध देऊन व्यसन कसे सुटणार, असे घरचे लोक विचारतात. गर्भाला सर्वांत जास्त त्रास होतो तो रक्तातली नशा दिवसभर वरखाली होत राहण्याने, एवढे त्यांना समजावून सांगावे.

कोठे न्यावे, ह्याचे माझे उत्तर सरळ आहे: जिथे प्रसूती विभाग, मनोविकार विभाग आणि नवजात शिशूंचा अतिदक्षता कक्ष एकाच आवारात आहेत, अशा ठिकाणी. सोलापुरात ही सोय छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये आहे. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचे नाव सर्वांना ठाऊक असते. १९८६ पासून तिथे काम चालू आहे आणि ‘निशिगंध’ हा स्त्रियांचा स्वतंत्र विभागही आहे. परंतु सातव्या महिन्याच्या उंबरठ्यावर असलेल्या बाईची सुरुवात प्रसूतीची सोय असलेल्या रुग्णालयातूनच व्हावी, असे माझे मत आहे. पुढच्या सावरण्याच्या काळात पुण्याचा विचार जरूर करावा.

बाळाविषयी. आईला ह्या गोळ्यांची सवय असेल तर जन्मतः बाळ सैल, सुस्त असू शकते, दूध नीट ओढत नाही, अंग गार पडते. उलट काही बाळांत औषध तुटल्याची लक्षणे दिसतात: किरकिर, थरथर, कर्कश रडणे, झोप न लागणे. अफूवर्गीय औषधांत ही लक्षणे साधारणपणे पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू होतात. झोपेच्या गोळ्यांच्या बाबतीत ती दोन-तीन आठवड्यांनीही दिसू शकतात, म्हणजे बाळ घरी गेल्यानंतर. इथे तुमचा आणि आशाताईंचा खरा उपयोग आहे. रुग्णालयात प्रसूती झाली तरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशांनी घरी जायचेच असते. ह्या घरी त्या भेटी केवळ नोंदीपुरत्या होऊ देऊ नका.

जाता जाता एक गोष्ट. मिश्रीविषयी तुम्ही काहीच लिहिले नाही, आणि त्यात मला नवल वाटले नाही, कारण आपल्याकडे मिश्रीला कोणी व्यसन धरतच नाही. मुंबईत १,२१७ गरोदर स्त्रियांचा पाठपुरावा करून २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मिश्रीसारखा बिनधुराचा तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले होते. आज तिच्यावर सगळेच एकदम लादू नका, पण डॉक्टरांना ही माहितीही द्या.

उत्तर: सिद्धेश्वर पेठकर

डॉक्टरांचा मान राखून लिहितो, पण सगळी सहानुभूती आईलाच का? अडीच वर्षांचे पोर तंबाखूत हात घालते आहे आणि आई शुद्धीवर नाही. अशा वेळी मुलीला नणंदेकडे पाठवण्यात गैर ते काय? जन्माला येणारे मूलही आजीने सांभाळावे. जिला स्वतःला सांभाळता येत नाही, तिच्या हाती लेकरू देऊ नये, एवढे साधे आहे हे.

उत्तर: आता पुण्यात

पेठकरकाका, तुमचा संताप मला समजतो, कारण माझ्याविषयी माझ्या सख्ख्या काकांनी हेच म्हटले होते. मी मूळची सोलापूरचीच. माझ्या दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी खोकल्याच्या औषधाचे व्यसन माझ्या अंगात मुरलेले होते. म्हणून ह्या बाईच्या बाजूने नव्हे, तिच्या मुलीच्या बाजूने लिहिते.

माझ्या थोरल्याला मामाकडे पाठवले, तेव्हा सर्वांना वाटले की आता ही शुद्धीवर येईल. झाले उलटेच. दिवसभरात ज्याच्यासाठी उठायचे तेच घरात उरले नाही, तेव्हा मी संध्याकाळऐवजी सकाळपासूनच बाटली उघडू लागले. मुलाचे म्हणाल, तर तो परत आल्यावर बरेच महिने मी न्हाणीत गेले तरी दाराशी रडत बसायचा. त्याच्या दृष्टीने आई एकदा नाहीशी झालेली होती. मूल सुरक्षित राहिलेच पाहिजे, त्यात वाद नाही. पण त्यासाठी आधी घरातले आणखी एक शुद्धीतले माणूस त्याच घरात त्याच्यापाशी असावे. सासूबाई सकाळी नऊ ते दुपारी दोन मुलीला सांभाळायला तयार असतील, सूप आणि तंबाखूचा डबा फळीवर चढत असेल, तर अक्कलकोटची गरज कितपत उरते?

सेविकाताई, तुम्ही विचारले की विषय कसा काढावा. मी कसा काढू नये ते सांगते. एका दवाखान्यात माझी सुई टोचताना परिचारिकेने रांगेतल्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, “पोटातल्याची तरी लाज वाटत नाही का?” त्यानंतर प्रसूतीपर्यंत मी तिकडे फिरकले नाही. लाज नव्हती म्हणून मी पीत नव्हते. लाज इतकी होती की ती सोसण्यासाठीच पीत होते. पुढे दुसऱ्या ठिकाणच्या एका वयस्कर डॉक्टरीणबाईंनी नुसते विचारले, “झोप कशी लागते? त्यासाठी काही घ्यावे लागते का?” आणि मी सगळे सांगून टाकले. त्या लिहीत राहिल्या, मध्येच मान वर करून ‘पुढे?’ एवढेच म्हणाल्या. तुम्ही सुरुवात झोपेपासून करा. सासूबाई समोर नसताना करा. तिची घरातली भाषा तेलुगू असेल आणि तुम्हाला ती येत असेल, तर तेलुगूत बोला.

आणखी एक. तुमच्या प्रश्नात नवरा रात्रपाळीला जातो, एवढेच आहे. तो ताडी घेतो की नाही? घेत असेल तर घरात ताडी आणतो कोण? माझ्याकडे बाटली आणणारा माणूस घरातलाच होता, आणि उपचारांच्या चर्चेत त्याचे नाव कोणी काढले नाही.

उत्तर: जिल्हा न्यायालयातील वकील

पोलिस आणि मूल काढून घेणे, ह्या दोन्ही भीतींना कायद्यात उत्तर आहे. ते क्रमाने देतो.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ह्यात मानसिक आजाराच्या व्याख्येतच मद्य आणि अमली पदार्थांच्या अतिवापराशी निगडित मानसिक अवस्था धरलेल्या आहेत. त्यामुळे उपचारासाठी दाखल झालेल्या व्यसनी व्यक्तीला त्या कायद्यातले रुग्णाचे हक्क मिळतात, गोपनीयतेचाही. ह्याच कायद्याच्या कलम २१ मध्ये असे स्पष्ट म्हटले आहे की, उपचार घेणाऱ्या स्त्रीचे तीन वर्षांखालील मूल तिच्यापासून सामान्यतः वेगळे करू नये. आईपासून मुलाला इजा होण्याचा धोका आहे किंवा मुलाच्या सुरक्षिततेसाठी ते आवश्यक आहे, असे उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञाचे मत झाले, तरच तात्पुरते वेगळे करता येते. त्या काळातही देखरेखीखाली आईला मूल भेटलेच पाहिजे, दर पंधरा दिवसांनी त्या निर्णयाचा फेरविचार झाला पाहिजे आणि सलग तीस दिवसांपेक्षा अधिक काळ वेगळे ठेवायचे तर मानसिक आरोग्य प्राधिकरणाची संमती लागते. ही मुलगी अडीच वर्षांची आहे, म्हणजे हे कलम तिला आज लागू पडते. गंमत अशी की, जे करण्याची भीती कुटुंबाला रुग्णालयाकडून वाटते, तेच कुटुंब स्वतः, कोणत्याही तज्ज्ञाच्या मताविना, सोमवारी करायला निघाले आहे. बाहेरून कडी लावून कोंडणे हेही कायद्याच्या नजरेत निर्दोष नाही. पण ते धमकी म्हणून सासूबाईंना ऐकवू नये, असे मला वाटते.

आई आणि बाळाला एकत्र दाखल करून घेण्याची कल्पना केवळ कागदावरची नाही. बंगळुरूच्या निम्हान्स ह्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत मनोविकार असलेल्या मातांसाठी असा विभाग २००९ पासून चालतो. सिव्हिलमध्ये दाखल होताना नातेवाइकाने कलम २१ चा उल्लेख करून मुलीला सोबत ठेवण्याविषयी आधीच विचारून घ्यावे.

आता पोलिसांविषयी. अमली पदार्थविरोधी कायदा १९८५ चा आहे आणि अल्प्राझोलम त्याच्या अनुसूचीत येते, हे खरे. परंतु त्या कायद्याच्या कलम ६४-अ प्रमाणे सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्याचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने शासकीय किंवा शासनमान्य संस्थेत व्यसनमुक्तीचा उपचार घेऊन पूर्ण करत असेल, तर तिच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येते, एवढी अट लक्षात ठेवावी. मूळ हेतू व्यसनी माणसाने दवाखान्यात यावे हाच आहे. बालकल्याण समितीचा प्रश्न मुलाची खरोखर हेळसांड होत असेल आणि घरात सांभाळणारे कोणीच नसेल तेव्हा येतो. आईचे व्यसन एवढ्या एकाच कारणाने मूल उचलून नेत नाहीत.

उत्तर: विडी कामगार वस्तीतला कार्यकर्ता

वरच्या सर्वांनी महत्त्वाचे लिहिले आहे. मी फक्त पैशाचे सांगतो, कारण शेवटी घोडे तिथेच पेंड खाते. बाई दाखल झाली की तिच्या वळलेल्या विड्यांची मजुरी बुडते आणि आठवड्याभरात घरचे तिला परत आणतात, हे मी पाहिलेले आहे. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात शासकीय रुग्णालयात प्रसूती, औषधे, तपासण्या, आहार आणि नेणे-आणणे विनामूल्य असते, आणि आजारी बाळावर वर्षभरापर्यंतचे उपचारही. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळंतपणाला ५,००० रुपये आणि दुसरे अपत्य मुलगी झाल्यास ६,००० रुपये मिळतात. पहिल्या वेळचे मिळाले होते का, ते सेविकाताईंनी नोंदीत पाहावे. विडी कामगार म्हणून तिच्या नावाचे ओळखपत्र आहे का, हेही विचारा. कित्येक घरांत वळते सून आणि कार्ड असते सासूच्या नावावर.

एक सूचना आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात तज्ज्ञांकडून गरोदर स्त्रियांची तपासणी होते. ‘व्यसनासाठी चल’ म्हटले तर ती येणार नाही. ‘नऊ तारखेच्या तपासणीला चल’ म्हटले तर शेजारच्या बायकांबरोबर येईल. पुढचे डॉक्टरांच्या खोलीत बोलता येते. अर्थात ह्या प्रकरणात नऊ तारीख लांब असेल, तर वाट पाहू नये.

प्रश्नकर्तीचे उत्तर: पूर्वभाग सेविका

सर्वांचे मनापासून आभार. काल मुलीचे वजन पुन्हा घ्यायचे आहे असे सांगून तिच्या घरी गेले आणि सासूबाई पाणी भरायला गेलेल्या असताना झोपेपासूनच सुरुवात केली. ती बराच वेळ पाने कातरत राहिली. मग उठून फळीवरच्या डब्यातून रिकाम्या पट्ट्या काढून माझ्यापुढे ठेवल्या. सगळ्या अल्प्राझोलम ०.५ मिलिग्रॅमच्या आहेत. अंगदुखीची वेगळी गोळी नाही. रोज किती, ह्याचे उत्तर ‘दोन, कधी तीन’ असे आले. ताडी नवराच पाळीवरून येताना आणतो, हेही तिनेच सांगितले. मिश्री तर आहेच.

सासूबाईंना झटक्यांविषयी सांगितले तेव्हा त्या गप्प झाल्या. त्यांच्या माहेरी तेलंगणात ताडी बंद झाल्यावर एका माणसाची अशीच अवस्था झालेली त्यांनी पाहिली होती. कोंडण्याचा विचार त्यांनी सोडला आहे. परवा सकाळी सिव्हिलला जायचे ठरले. सोबत सासूबाई, मी आणि आशाताई. मुलगी बरोबर येणार, ही सुनेची एकच अट होती आणि ती सर्वांनी मान्य केली. नवऱ्याशी बोलायचे अजून राहिले आहे.

डॉक्टर, एकच विचारायचे आहे. परवापर्यंतच्या दोन रात्री तिने ताडी आणि गोळ्या घ्याव्यात की नाही? सासूबाईंना वाटते, निदान दवाखान्यात जाताना तरी स्वच्छ जावे.

उत्तर: निवृत्त प्रसूतितज्ज्ञ

स्वच्छ होऊन जाण्याचा आग्रह मुळीच धरू नका. शक्य असेल तर परवाऐवजी उद्याच जा. तोपर्यंत एकदम शून्यावर आणू नये आणि नेहमीपेक्षा वाढवूही नये. ताडी आणि गोळी एकाच वेळी पोटात जाऊ देऊ नका. दोन्ही मिळून श्वास मंदावतो. रात्री सासूबाईंनी तिच्या खोलीत झोपावे आणि मुलीला आपल्या कुशीत घ्यावे, कारण गुंगीत असलेल्या आईशेजारी लहान मूल झोपवणे धोक्याचे असते, आणि बाळ झाल्यावर तर हा नियम अधिकच कडक पाळावा लागेल.

झटका आला, तर डाव्या कुशीवर वळवा, तोंडात चमचा, कांदा, चप्पल काहीही घालू नका आणि १०८ ला फोन करा. हाका मारून, हलवूनही ती जागी होत नसेल किंवा श्वास संथ, घरघर करणारा वाटला, तरीही १०८ लाच. निव्वळ शंका विचारायची असेल तर १४४१६ वर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची मदतवाहिनी आणि १४४४६ ही व्यसनमुक्तीची मदतवाहिनी आहे.

जाताना रिकाम्या पट्ट्या, माता-बाल संरक्षण कार्ड आणि विडी कामगाराचे कार्ड असल्यास ते घ्या. आधी प्रसूती विभागात नोंद करा आणि तिथूनच मनोविकार विभागाला बोलावणे पाठवायला सांगा; दोन खिडक्यांवर दोनदा कहाणी सांगायची वेळ तिच्यावर येऊ नये. नवऱ्यालाही नंतर त्याच विभागात दाखवायला हवे, पण ते ती दाखल झाल्यावर बघता येईल.